कऱ्हाकाठची अद्भुत कथा

शके १६४० च्या फाल्गुनी पौर्णिमेस, रविवारी, म्हणजे इसवी सन १७१९ च्या मार्च महिन्यात, बारामती येथे एका ग्रंथाचा अखेरचा अध्याय लिहून पुरा झाला. ग्रंथकर्ते श्रीधरस्वामी नाझरेकर त्या वेळी साठ वर्षांचे होते. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, सातासमुद्रांपलीकडे लंडन शहरी, डॅनियल डेफो नावाच्या दुसऱ्या एका साठीच्या घरातील गृहस्थाने एक पुस्तक छापून प्रसिद्ध केले. पहिला ग्रंथ म्हणजे 'शिवलीलामृत' आणि दुसरे पुस्तक म्हणजे 'रॉबिन्सन क्रूसो'. एक सोवळ्याने वाचावयाची पोथी, दुसरी ओसाड बेटावर अडकलेल्या खलाशाची कहाणी. ही दोन पुस्तके एका फळीवर शेजारी ठेवण्याचे कोणाही ग्रंथपालाच्या मनात येणार नाही. तथापि दोहोंमध्ये एक साम्य आहे, आणि ते मोठे आहे. साठीच्या दोन लेखकांनी, लहान मुले डोळ्यांसमोर न ठेवता, ही पुस्तके लिहिली. आणि दोन्ही पुस्तकांना आठ वर्षांच्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या वृद्धापर्यंत सर्वांनी आपापली म्हटले.

साहसाच्या व अद्भुताच्या कादंबऱ्या हे मुलांचे खेळणे आहे, मोठ्या माणसाने त्यात रमणे हे अपरिपक्व बुद्धीचे लक्षण होय, असा एक समज आपल्याकडे बराच काळ रूढ आहे. हा समज जुना आहे असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः तो फार अलीकडचा आहे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या टापूत उभे राहून मागे पाहिले असता, तो केव्हा आला आणि त्याच्या पूर्वी काय होते, हे बऱ्यापैकी स्पष्ट दिसते.

श्रीधरस्वामींचे मूळ गाव सांगोल्याच्या बाजूचे नाझरे, आणि वास्तव्य बहुतेक पंढरपुरास. 'हरिविजय', 'रामविजय' आणि 'पांडवप्रताप' हे त्यांचे मोठे ग्रंथ त्यापूर्वीच लिहून झाले होते. 'शिवलीलामृत' मात्र त्यांनी बारामतीस लिहिले, आणि ग्रंथाच्या शेवटी शक, संवत्सर, मास, तिथी, वार व गाव ही सर्व नमूद करून ठेविली, हे इतिहासाच्या अभ्यासकांवर त्यांचे उपकारच होत. कऱ्हेकाठच्या काशीविश्वेश्वराच्या देवळात हे लेखन झाले, असे बारामतीत परंपरेने सांगतात. मूळ आधार स्कंदपुराणातील ब्रह्मोत्तरखंडाचा; परंतु श्रीधरांनी त्यास जे मराठी रूप दिले, ते सुमारे अडीच हजार ओव्यांचे व चौदा अध्यायांचे आहे. (पंधरावा अध्याय कित्येक छापील पोथ्यांत आढळतो, पण तो मागाहूनचा.)

या पोथीकडे भाविक ज्या दृष्टीने पाहतात तिच्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. येथे प्रश्न आहे तो तिच्यातील गोष्टींचा. सहाव्या अध्यायातील सीमंतिनीची कथा घ्यावी. राजकन्या सीमंतिनी ही चौदाव्या वर्षी विधवा होईल असे भविष्य एका ज्योतिष्याने वर्तविलेले असते. नळराजाचा नातू चंद्रांगद याच्याशी तिचा विवाह होतो. जावई सासुरवाडीस राहिलेला असताना नौकेत बसून यमुनेवर जलक्रीडेस जातो, वादळ सुटते आणि नौका बुडते. काठावर आकांत होतो. इकडे मुलाच्या शोकात बुडालेल्या इंद्रसेन राजाचे राज्य शत्रू बळकावतात आणि त्याला बंदीत टाकतात. आणि चंद्रांगद? तो बुडालेला नसतो. नागकन्या त्याला पाताळात घेऊन जातात, तक्षकाच्या नगरीत. तेथील वैभव पाहून तो थक्क होतो, पण घरची आठवण काही केल्या जात नाही. अखेर तक्षक त्याला रत्ने, वस्त्रे व एक दिव्य अश्व देऊन निरोप देतो. घोड्यावर बसलेला तो तरुण यमुनेच्या पाण्यातून वर येतो, आणि नेमकी त्याच वेळी वैधव्य कंठणारी सीमंतिनी स्नानासाठी नदीवर आलेली असते. दोघे एकमेकांकडे पाहतात, मनात ओळख पटल्यासारखे होते, पण विश्वास बसत नाही.

या कथेत काय नाही? भविष्यवाणी आहे, नौकाभंग आहे, भूमीखालचे अज्ञात नगर आहे, राज्यापहार आहे, परत येणे आहे आणि ओळखीचा प्रसंग आहे. आठव्या अध्यायातील भद्रायूची कथाही याच जातीची. सवतींनी विष घातल्यामुळे रोगजर्जर झालेली राणी आणि तिचे तान्हे मूल यांना राजा वज्रबाहू अरण्यात सोडून देतो. एक वैश्य त्यांना आश्रय देतो. मूल दगावते, ऋषभ योगी त्यास पुन्हा जीवदान देतो, आणि पोरगा वयात येताच खड्ग व शंख त्याच्या हाती देतो. आपण राजपुत्र आहोत हे जगाला ठाऊक नसलेला तो मुलगा, ज्याने आपल्याला टाकले त्याच बापाला शत्रूच्या कैदेतून सोडवून आणतो. टाकलेला राजपुत्र, वनवास, गुरूने दिलेले शस्त्र, संकटाच्या क्षणी अनोळखी वीर म्हणून रणांगणावर येणे, ही सर्व सामग्री पुढे एकोणिसाव्या शतकातील मराठी कादंबरीकारांनी पुनःपुन्हा वापरली. ती त्यांनी सर्वस्वी इंग्रजीतून उसनी आणली असे म्हणणे हा श्रीधरांवर अन्याय होईल.

येथे भूगोलाची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. भीमेच्या काठचा हा सारा मुलूख म्हणजे भीमथडी. मराठ्यांच्या फौजांतील भीमथडीची तट्टे सर्वश्रुत आहेत. चणीने लहान, पण काटक आणि लांब मजल मारणारी. अशा मुलखातील श्रोत्याला पाण्यातून निघालेल्या घोड्याचे वर्णन ऐकताना जी गोडी वाटली असेल, ती घोड्याला केवळ चित्रात पाहणाऱ्यास कळणे कठीण. अद्भुत गोष्ट रुचते ती तिच्यात ओळखीची एखादी वस्तू असते म्हणून. घोडा दिव्य असला तरी तो घोडाच असतो.

ही पोथी वाचली कशी जाई, हे ध्यानात घेतल्यावाचून तिची लोकप्रियता उलगडत नाही. श्रावण महिन्यात, विशेषतः सोमवारी, एक जण मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. गावात अक्षरओळख असणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा एक पोथी आणि एक वाचणारा एवढ्यावर साऱ्या आळीचे भागत असे. ओसरीवर वृद्ध, उंबऱ्याच्या आत बायका, खांबाला टेकून गडीमाणसे आणि मध्येच पेंगणारी, मध्येच जागी होणारी मुले. गोष्ट एकच, पण प्रत्येकजण तीतून आपापला वाटा उचली. मुलाच्या मनात पाताळ आणि घोडा राही. सासरी नव्याने आलेल्या मुलीच्या मनात सीमंतिनीचे दुःख राही. म्हाताऱ्याच्या मनात व्रताचे फळ राही. ही गोष्ट मुलांसाठी की मोठ्यांसाठी, हा प्रश्नच त्या ओसरीवर कोणाला सुचला नसता.

श्रीधरस्वामी १७२९ मध्ये निवर्तले आणि त्याच वर्षी मोरोपंत पराडकर जन्मास आले, हा एक चमत्कारिक योगायोग. पंतांचा जन्म पन्हाळ्याचा. परंतु त्यांचे कवित्व फुलले ते बारामतीस, बाबूराव नाईकांच्या आश्रयाने. तेथेच ते पुराण सांगत आणि तेथेच १७९४ मध्ये त्यांनी देह ठेविला. अक्षरांचे, यमकांचे, श्लेषांचे जे कसब त्यांनी दाखविले त्यास मराठीत तोड नाही. पण त्यांच्या आर्येचा रस घेण्यास थोडी तयारी लागते, आणि श्रीधरांची ओवी ऐकण्यास केवळ कान लागतात. एकाच गावात, शंभर वर्षांच्या आत, विद्वानांचा कवी आणि आबालवृद्धांचा कथेकरी असे दोघेही होऊन गेले. महाराष्ट्राने दोघांनाही मान दिला. परंतु घरोघरच्या देवघरांत शिरली ती पोथी कथेकऱ्याची.

आणि साहसाची हौस पुराणावरच अवलंबून होती असेही नव्हे. इंदापूर हे मालोजीराजे भोसल्यांच्या नावाशी जोडलेले गाव; त्यांची गढी तेथे आहे. बारामती तालुक्यातील सुपे तर प्रत्यक्ष एका नाट्यमय प्रसंगाचे स्थळ. सभासदाने आपल्या बखरीत सांगितले आहे की सुपे महालावर असलेल्या संभाजी मोहित्यांकडे शिवाजीमहाराज शिमग्याच्या सणाचे पोस्त मागण्याच्या निमित्ताने गेले आणि त्या सावत्र मामास त्यांनी कैद केले. सणाचे निमित्त, नात्याचा माणूस, मागितली ओवाळणी आणि घेतला महाल! कोणा कादंबरीकाराने हा प्रसंग कल्पनेने रचला असता, तर टीकाकारांनी तो असंभाव्य ठरविला असता.

छापखाना आल्यावर गोष्टींचा ओघ वाढला. बंगाल्यातील श्रीरामपूर येथे 'सिंहासनबत्तिशी' मराठीत छापली गेली ती १८१४ मध्ये. मुंबईत बापू छत्रे यांनी १८२८ मध्ये 'बाळमित्र' प्रसिद्ध केले. येथे एक पुस्तक केवळ बालकांसाठी म्हणून वेगळे काढण्यात आले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे १८६१ पासून कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' भागाभागांनी प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. शास्त्रीबोवा म्हणजे संस्कृतातील व्युत्पन्न पंडित, शिक्षणखात्यातील मोठे अधिकारी. अशा मनुष्याने सिंदबादच्या सफरी व अल्लाउद्दिनाचा दिवा मराठीत आणण्यात आपला वेळ घालविला आणि त्यात त्यास कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट त्या पिढीविषयी पुष्कळ सांगून जाते. पुस्तके येण्याची वाटही याच सुमारास मोकळी झाली. पुण्याहून पूर्वेस जाणारी आगगाडी १८५८ च्या डिसेंबरात इंदापूर तालुक्यातील डिकसळपर्यंत धावू लागली. मुंबईत छापलेले पुस्तक जेथे पूर्वी बैलांच्या तांड्याबरोबर महिनोन्‌महिने रखडत यावे, तेथे ते आता दोन दिवसांत उतरू शकत होते.

अशा वेळी मराठी कादंबरीचा जन्म झाला. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची. तिचा विषय विधवांची दुःस्थिती, आणि उद्देश सुधारणेचा. परंतु वाचकांचा लोंढा वळला तो दुसरीकडे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये निघाली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ मध्ये. राजपुत्र, राजकन्या, दुष्ट प्रधान, अरण्ये, भुयारे, ताटातूट आणि अखेरीस सर्वांची भेट, असा यांचा थाट. भाषा अलंकारांनी लादलेली. नायिकेच्या मुखाचे वर्णन सुरू झाले की ते लवकर संपावे अशी आशा करू नये. आजच्या वाचकास ही पाने जड जातील यात शंका नाही. तरीही तत्कालीन वाचकांनी ती आवडीने वाचली.

रिसबुडांनी 'मंजुघोषे'स जी प्रस्तावना जोडली, ती मात्र आजही प्रत्येकाने मुळातून वाचावी अशी आहे. तिचा आशय असा की, आपल्या लोकांच्या संसारात कादंबरीला पुरेल अशी चित्तवेधक घटना घडतच नाही. लग्ने बालपणी लागतात आणि ती आईबाप लावतात. वधूवरांनी एकमेकांस शोधण्याचा, झुरण्याचा, निवडण्याचा प्रसंगच नाही. पुरुषांचे आयुष्य ठरलेल्या चाकोरीतले. रोज जे दिसते तेच लिहिले तर त्यात मनोरंजक असे काहीच उरणार नाही; म्हणून ज्यास मनोरंजक पुस्तक लिहावयाचे आहे त्यास अद्भुताची वाट धरणे भागच पडते. ही लेखकाची सबब आहे असे वरवर पाहता वाटेल. परंतु बारकाईने पाहिले तर हा त्या काळच्या समाजाविरुद्ध दिलेला एक लेखी जबाब आहे. ज्या घरात सोळा वर्षांच्या मुलीला स्वतःहून एकही निर्णय घेण्याची मुभा नव्हती, त्या घरात ती मुलगी भुयारातून सुटका करून घेणाऱ्या राजकन्येची गोष्ट कानांत प्राण आणून ऐकत असेल, तर ती वास्तवापासून पळत होती असे म्हणावे, की वास्तवात जे नाही त्याची तिला ओळख होत होती असे म्हणावे?

यावर पहिला मोठा हल्ला झाला १८७२ मध्ये. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक' या विषयावर एक निबंध लिहिला आणि या नव्या पुस्तकांची झडती घेतली. या कथांत देशकालाचा पत्ता नाही, पात्रे माणसांसारखी वागत नाहीत, संभाव्यतेची चाड नाही, असा त्यांचा रोख होता. हा निबंध मराठी टीकेच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून आहे आणि ते योग्यही आहे. मराठ्यांनी दाखविलेले दोष खरे होते. पण दोष खरे असूनही निर्णय एकांगी होता. असंभाव्य घटना हा अद्भुत कथेचा दोष नव्हे. असंभाव्य मनुष्यस्वभाव हा दोष होय. चंद्रांगद पाताळात गेला हे असंभाव्य आहे. परंतु तेथील वैभवातही त्याला घरची ओढ लागली हे अगदी संभाव्य आहे, आणि श्रीधरांनी तेच नेमके पकडले होते. हळबे-रिसबुडांचे राजपुत्र फिके पडतात ते भुयारात शिरतात म्हणून नव्हे, तर भुयारात शिरताना त्यांना भीती वाटत नाही म्हणून. मराठ्यांनी हा भेद केला असता, तर पुढील पन्नास वर्षांचा पुष्कळ वाद वाचला असता.

तो भेद न झाल्याने एक फूट पडली. शिकलेल्या वर्गात अद्भुत म्हणजे हलके, वास्तव म्हणजे भारदस्त, असे समीकरण हळूहळू रुजले. गमतीची गोष्ट ही, की ज्यांच्या नावावर हे समीकरण चालले त्या थोर लेखकांनी स्वतः ते मानले नव्हते. रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे व्याकरणाचे व भाषेचे गाढे अभ्यासक. त्यांनीच १८७१ मध्ये 'मोचनगड' ही शिवकालाची साहसकथा आपल्या 'विविधज्ञानविस्तारा'त लिहावयास घेतली आणि मराठी ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला. हरि नारायण आपटे यांचे नाव घेताच 'पण लक्षात कोण घेतो' डोळ्यांपुढे उभी राहते. पण तेच हरिभाऊ 'उषःकाल' लिहीत होते, 'गड आला पण सिंह गेला' लिहीत होते, आणि १८९० मध्ये त्यांनी काढलेल्या साप्ताहिकाचे नाव होते 'करमणूक'. त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' तर रेनॉल्ड्सच्या कादंबरीवरून बेतलेली होती.

हा रेनॉल्ड्स कोण, हे आजच्या वाचकास सांगावे लागेल. लंडनमध्ये पेनी-पेनीच्या साप्ताहिक अंकांतून रहस्य, कट, खून आणि गुप्त दरवाजे यांच्या कादंबऱ्या लिहिणारा हा लेखक. इंग्लंडातील विद्वानांनी त्याला कधी दारात उभे केले नाही आणि आज तो त्याच्या देशातही जवळजवळ विसरला गेला आहे. हिंदुस्थानात मात्र त्याच्यावर उड्या पडत. मराठीत त्याच्या कथांना घरचे कपडे चढविले ते गोविंद नारायणशास्त्री दातार यांनी. 'कालिकामूर्ती', 'बंधुद्वेष', 'इंद्रभुवनगुहा' ही त्यांची पुस्तके दोन-तीन पिढ्यांनी झपाटल्याप्रमाणे वाचली. शास्त्री ही पदवी आणि भुयारातील खलपुरुष यांचा असा संगम मराठीखेरीज अन्यत्र क्वचितच सापडेल.

परंतु या सर्व परंपरेत ज्याचे नाव सर्वांत जिव्हाळ्याने घेतले जाते तो लेखक म्हणजे नाथमाधव. त्यांचे खरे नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. जन्म १८८२ चा. ऐन तारुण्यात ते सिंहगडावर शिकारीस गेले असता कड्यावरून कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचे शरीर कायमचे निकामी झाले. रुग्णालयातील दीर्घ मुक्कामात त्यांनी पुस्तके वाचून काढली आणि पडल्या पडल्या ते लिहू लागले. 'प्रेमवेडा' १९०८ मध्ये आली, 'सावळ्या तांडेल' पुढच्याच वर्षी, आणि १९१३ मध्ये 'वीरधवल'. त्यानंतर सामाजिक कादंबऱ्या, 'सोनेरी टोळी', आणि शिवकालावरील स्वराज्याची मोठी माला. १९२८ मध्ये ते वारले. जेमतेम वीस वर्षांचा हा लेखनकाळ, आणि तो सारा अंथरुणावरचा.

'वीरधवल' वाचणाऱ्यास हे ठाऊक नसते. त्याला दिसतात ते दौडणारे घोडे, रात्रीचे पाठलाग, किल्ल्यांचे तट आणि तरवारींचा खणखणाट. ज्याला स्वतःला खोलीच्या दारापर्यंत जाता येत नव्हते, त्याने एका साऱ्या पिढीला रानोमाळ फिरविले. आणि त्याने लिहिले ते कोणासाठी? पुस्तकावर बालवाङ्मयाचा छाप नव्हता. बारा वर्षांच्या मुलाने ते शाळेच्या पुस्तकाआड लपवून वाचले, आणि ज्या वडिलांनी ते त्याच्या हातून काढून घेतले त्यांनी स्वतः कंदिलाची वात मोठी करून पहाटेपर्यंत पुरे केले, असे प्रकार घरोघर होत. त्याच सुमारास दौंडहून बारामतीपर्यंत अरुंद रुळांची छोटी गाडी सुरू झाली. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी त्याआधीच आले होते. उसाचे मळे उभे राहत होते, गुळाची पेठ वाढत होती, आणि पुस्तकासाठी आणा-दोन आणे खर्च करू शकणारा वाचक आता या मुलखातही तयार होत होता.

नाथमाधवांच्या पिढीनंतर वाचनाची पद्धत बदलली, आणि खरा पालट येथे झाला. ओसरीवर एकाने वाचावे व दहांनी ऐकावे, ही रीत पोथीपुरती उरली. कादंबरी ज्याने त्याने एकट्याने, मनातल्या मनात वाचावयाची वस्तू झाली. एकट्याने वाचू लागताच वाचकांची वयाप्रमाणे वाटणी करणे सोपे झाले. प्रकाशकांनी फळ्या वेगळ्या केल्या, शाळांनी याद्या वेगळ्या केल्या, आणि टीकाकारांनी त्यावर आपली मोहोर उठविली. मुलांना बोधाच्या गोष्टी मिळाल्या, मोठ्यांना प्रश्नांच्या कादंबऱ्या मिळाल्या. आणि मधल्या मध्ये चंद्रांगदाचा घोडा कोणाच्याच वाट्याला आला नाही.

पाश्चात्त्य देशांतही ही वाटणी झाली, पण तेथील एक उदाहरण मोठे बोलके आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा १८८१ साली स्कॉटलंडातील एका खेड्यात पावसामुळे घरात अडकून पडला होता. सावत्र मुलाची करमणूक व्हावी म्हणून त्याने एका बेटाचा नकाशा काढला, आणि त्या नकाशावरून 'ट्रेझर आयलंड' लिहिण्यास सुरुवात केली. रोज जे प्रकरण होई ते तो घरात मोठ्याने वाचून दाखवी. घरात त्याचे वृद्ध वडीलही होते. दीपगृहे बांधण्यात हयात गेलेले, गंभीर वृत्तीचे स्थापत्यविशारद. नातवासाठी चाललेल्या या गोष्टीत ते इतके गुंतले की, मेलेल्या चाच्याच्या पेटीत कोणकोणत्या वस्तू सापडाव्यात याची यादी त्यांनी स्वतः बसून तयार केली, आणि मुलाने ती तशीच पुस्तकात घातली. मोठ्याने वाचलेली गोष्ट, ऐकणारे तीन पिढ्यांचे. बारामतीच्या श्रोत्याला हे दृश्य मुळीच परके वाटले नसते.

यानंतरचा इतिहास अलीकडचा आणि बहुतेकांच्या माहितीचा आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांवर रहस्यकथा लिहून, ज्यांनी दुसरे पुस्तक कधी हाती धरले नव्हते अशा माणसांना वाचक बनविले. विद्वानांनी त्यांची दखल घेतली ती फार उशिरा. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि 'फास्टर फेणे' जन्मास घातला. नारायण धारपांनी भयाचे व अद्भुताचे दालन मोठ्यांसाठी पुन्हा उघडले. यांतील प्रत्येकास थोडीबहुत उपेक्षा सोसावी लागली, आणि प्रत्येकाचे वाचक मात्र त्यास सोडून गेले नाहीत.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची एक स्पर्धा ठेविली. तीत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. नदीच्या डोहाखालील नागलोकाऐवजी या कथेत होती अंतराळातील अशी जागा, की जेथून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. या नावाचा लेखक कोणीही ऐकला नव्हता. कथेस पहिले पारितोषिक मिळाले, आणि त्यानंतर कळले की हे नाव जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले आहे. जगभर नाव झालेल्या त्या खगोलशास्त्रज्ञाने गोष्ट पाठविली ती नाव झाकून. कारण ती नावावर नव्हे, तर गोष्ट म्हणून वाचली जावी, अशी त्यांची इच्छा होती.